जांभळीच्या पाठीवरचं रक्त

पहिली लाल धार म्हशीच्या पाठीवरून पोटाखाली उतरली आणि पुढचे लोक एक पाऊल मागं सरले. मग मागून कुणीतरी किंचाळलं, "रगत! रगत आलं!" आणि हिवरटाकळीच्या चौकातली सगळी गर्दी पुढं रेटली.

म्हैस गावच्या तात्यासाहेबांची. बादली त्यांच्या घरची, पाणी त्यांच्या हौदातलं आणि म्हशीची पाठ चोळणारा गडीही त्यांचाच. त्याच्या हातांवरचा पांढरा फेस बघता बघता लाल झाला होता. आपले तळवे डोळ्यांसमोर धरून तो ते उलटसुलट बघत होता.

क्षीरनाथ महाराज बरेच लांब, चौरंगावर डोळे मिटून बसले होते. गलका पुरेसा वाढल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"आम्ही काय केलं? आम्ही काहीच केलं नाही," ते म्हणाले. आवाज साय धरलेल्या दुधासारखा होता. "आम्ही इथं, म्हैस तिथं. बादली तुमची, पाणी तुमचं, हात तुमचे. रक्त तेवढं आईचं!"

"दुधाईच्या नावानं चांगभलं!" शिष्यांनी सुरुवात केली आणि गावानं ती उचलली.

दुधाई ही देवी महाराज येईपर्यंत हिवरटाकळीत कुणी ऐकलेली नव्हती. वाळूजच्या कारखान्यांच्या पलीकडं, माळाला लागून हे गाव आहे. घरटी एक-दोन म्हशी, आणि दूध सगळं बजाजनगरच्या कामगारांच्या घरी जातं. त्या वर्षी मे महिन्यात ऊन असं पेटलं की दूध निम्म्यावर आलं. पाणी टँकरचं, त्यामुळे म्हशींची अंघोळ आधीच एक दिवसाआड झालेली. नेमके अशा वेळी महाराज आले. त्यांनी गोठ्यागोठ्यात जाऊन प्रत्येक म्हशीच्या पाठीवर तेलात कालवलेला भंडारा फासला आणि सांगितलं, "दुधाची आई म्हशीच्या कातडीत राहते. तुम्ही म्हैस धुता आणि आईला गटारीत सोडता. पाऊस पडेपर्यंत म्हशीला पाणी लावू नका, खरारा करू नका. ज्याला खोटं वाटतं त्यानं धुवून बघावं. रक्त वाहील."

दोघांनी घरी धुवून पाहिलं आणि रक्त वाहिलं. तात्यासाहेबांनी मग भर चौकात खात्री करून घेतली. तीही झाली.

मी या भागातल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. त्या दिवशी लाळ-खुरकुताच्या लशी घेऊन गावात आले होते आणि गर्दीत अडकले. वाट काढत म्हशीजवळ गेले. पाठ, खांदे, पोट सगळं पाहिलं. कातडी कुठंही फुटलेली नव्हती.

"महाराज, रक्त आहे तर जखम कुठं आहे?"

"डॉक्टरीणबाई," महाराज हसले, "भक्तीला जखमेची गरज नाही आणि तुमच्या शास्त्राला जखमेशिवाय काही दिसत नाही. आणि माताभगिनींची जागा दोरीच्या पलीकडं आहे. आईचा कोप बाईच्या अंगात लवकर शिरतो."

गर्दी हसली. तेव्हा माझं लक्ष गेलं: मंडपाच्या मागं दोरी बांधलेली होती आणि गावातल्या सगळ्या बायका तिच्या पलीकडं, टाचा उंचावून उभ्या होत्या. त्यांना पुरुषांच्या पाठी दिसत होत्या, म्हैस नाही.

मी तात्यासाहेबांकडं वळले. "म्हशीला गाईसारखा घाम येत नाही. कातडी काळी, केस विरळ, ऊन सगळं अंगात शिरतं. पाण्याशिवाय तिला अंग थंड करता येत नाही. दूध उन्हानं आटलंय. ही बंदी उठवा, नाहीतर म्हशी पडायला लागतील."

तात्यासाहेब वाईट माणूस नव्हते. ते अवघडून म्हणाले, "मॅडम, तुमचं खरं असंल. पण ह्ये डोळ्यांनी दिसतंय, त्याचं काय करू?"

मी खाली वाकले, खुराशी साचलेल्या लाल पाण्यात कापूस बुडवला आणि बाटलीत घातला. शिष्य "ओ बाई!" करून धावेपर्यंत मी दोरीच्या पलीकडं गेले होते.

दवाखान्यात आल्यावर त्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. रक्ताची एकही पेशी दिसली नाही. डब्यातली लिंबाची फोड कापसावर पिळली तर लाल रंग गेला आणि लख्ख पिवळा उरला. म्हणजे ती हळद होती. हळदीत सोड्यासारखा खार मिसळला की ती लाल होते आणि आंबट लागलं की पुन्हा पिवळी. भंडारा महाराजांचा होता, हे ठीक. पण खार कुणी घातला? पाणी तर तात्यासाहेबांच्या हौदातलं होतं.

त्याचं उत्तर चांदपाशांनी दिलं. चांदपाशा त्याच गावचे. त्यांच्या चार म्हशी आहेत, आणि त्या दिवशी ते जुलाब लागलेलं पारडू घेऊन आले होते.

"तुमच्या म्हशींना लावला का भंडारा?" मी विचारलं.

"लावला ना मॅडम. नको म्हणायची हिंमत कुणाची? धंदा म्हशीचा, भीती सगळ्यांना सारखीच."

"मग धुतल्या?"

त्यांनी दाराकडं पाहिलं. "कुणाला बोलू नका. रोज धुतो, पहाटं. क्या करता? जनावर तडफडतं. पण रगत-बिगत काय नाय आलं. लोकांना कळलं तर म्हणतील, ह्यांना आई लागू नाय."

"कशानं धुता?"

"साध्या पाण्यानं अन् नारळाच्या काथ्यानं. गावात बाकी सगळे कपड्याच्या पावडरीचा फेस करतात. म्हैस आरशासारखी चमकते म्हणून. मी नाय वापरत, त्यानं कासेच्या सडाला भेगा पडतात."

मी कापूस टेबलावर ठेवला. खार म्हणजे ती पावडर, प्रत्येकाच्या घरात, न्हाणीच्या कोनाड्यात होती. महाराजांना फक्त गावातली म्हैस धुवायची पद्धत माहीत असायला हवी होती. बाकीचा चमत्कार लोक स्वतःच्या हातानं करत होते.

"अजून एक सांगतो," पारडाला उचलून घेताना चांदपाशा हळूच म्हणाले. "धुणं बंद झाल्यापासून दोन म्हशी पडल्या. महाराज म्हणतात, 'आई उतरली हिच्यातनं, आता घरात ठेवली तर घर बसंल.' अन् मठाच्या गोठ्यात घेऊन जातात. फुकट. टेम्पोतून."

मी ठरवलं, सकाळी गावात जायचं आणि तात्यासाहेबांपुढं सगळं करून दाखवायचं. पण सकाळी लसीकरणाची गाडी दुसऱ्या गावात अडकली. सूर्य डोक्यावर आला तेव्हा फोन वाजला. मालनबाईंचा होता.

मालनबाई आणि कडुबा हे जोडपं चांदपाशांच्या शेजारचं. त्यांची एकच म्हैस, जांभळी. मीच तिला गाभण तपासली होती. व्यायला थोडेच दिवस उरले होते.

"मॅडम, जांभळी पडलीय," मालनबाईंचा आवाज चिरकत होता. "जीभ भाईर काढलीय. तोंडातून फेस गळतोय. पाणी टाकू देईनात हो! आमचं माणूसच दारात काठी घेऊन हुभं हाय. अन् टेम्पो आलाय."

मी पोचले तेव्हा गोठ्यापुढं गाव लोटलं होतं. दोरी इथंही बांधलेली होती आणि बायका तिच्या पलीकडं होत्या. पत्र्याच्या छपराखाली जांभळी कुशीवर पडली होती, मान ताणलेली, तोंड उघडं. बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या. मी ताप मोजला. एकशे सात फॅरनहाइट. निरोगी म्हशीचा एकशे एक असतो.

"कडुबा, पाणी आणा. आत्ता. डोक्यावर, मानेवर, सगळ्या अंगावर."

कडुबांनी काठी घट्ट धरली. त्यांचे डोळे लाल होते. रात्रभर झोपले नसावेत. "नको मॅडम. रगत वाहून मरंल. तात्यांच्या म्हशीचं पाहिलं म्या."

"पाणी नाही टाकलं तर आत्ता मरेल. पोटातल्या पारडासकट."

"मरणार नाही," मागून गोड आवाज आला. महाराज टेम्पोच्या सावलीत उभे होते. "आई उतरली आहे तिच्यातून. मठाच्या पवित्र भूमीवर पाऊल पडताच उठेल. याआधीच्या दोन्ही उठल्या. चला रे, फळी लावा."

शिष्यांनी टेम्पोची फळी खाली टाकली. ताडपत्री बांधलेल्या हौद्यातून एक ओला वास आला. मला तो तेव्हा जाणवला, पण विचार करायला वेळ नव्हता.

"तात्यासाहेब," मी म्हणाले, "मला थोडा वेळ द्या. रक्त कुठून येतं ते दाखवते. नाही दाखवता आलं तर म्हैस न्या."

तात्यासाहेबांनी महाराजांकडं पाहिलं, जांभळीकडं पाहिलं. "दाखवा."

मी अंगातला पांढरा एप्रन काढला. जांभळीच्या पाठीवरचा तेलकट भंडारा बोटानं पुसून त्यावर चोळला. पिवळा पट्टा उमटला. कडुबांच्या न्हाणीतून पावडर आणली, पाण्यात कालवली आणि पट्ट्यावर टाकली.

पट्टा लालभडक झाला.

"बघा, इथं म्हैसही नाही," मी म्हणाले. "नुसती हळद आणि कपड्याची पावडर."

क्षणभर वाटलं, संपलं. पण महाराज माझ्याही पुढचे निघाले. त्यांनी दोन्ही हात आकाशाकडं उचलले.

"पाहिलंत! पाहिलंत गावकऱ्यांनो! अश्रद्ध हातात आईचा भंडारा गेला आणि कापडाचंही रक्त झालं! जिथं जाल तिथं आईनं साक्ष दिली! या बाईला दूर करा, हिच्यामुळं कोप वाढतोय!"

"चांगभलं!" शिष्य ओरडले. गर्दीतून काही आवाज त्यांना मिळाले. कुणीतरी माझा दंड धरून ओढला. कडुबा काठी घेऊन पुढं सरकले. मला मारायला नव्हे, पण मला अडवायला. माझ्यामागं जांभळीनं एक लांब, घरघरता श्वास घेतला आणि मधे एवढा वेळ थांबली की मला वाटलं, गेली.

समोरचे सगळे पुरुष होते. हळदीवर साबण पडल्यावर काय होतं हे त्यांच्यातल्या एकानंही जन्मात पाहिलेलं नव्हतं. या गावात म्हशी पुरुष धुतात. कपडे बायका धुतात.

मी दंड सोडवून घेतला, सरळ दोरीपाशी गेले आणि एप्रन मालनबाईंच्या हातात दिला.

"मालनबाई, हे रक्त आहे का? तुम्हीच बघून सांगा."

त्यांनी पदराच्या टोकानं डोळे पुसले. एप्रन उलटा केला, सुलटा केला. डाग दोन बोटांत चोळला, जसा धुण्याच्या दगडावर चोळतात तसा. त्यांचा चेहरा बदलला.

"रगत?" त्या म्हणाल्या. "ह्ये तं वरण हाय!"

"काय?" शेजारणीनं मान पुढं केली.

"अगं वरणाचा डाग! ह्यांच्या शर्टावर रोज असतोय. साबण लावला की अस्साच लाल होतोय अन् उन्हात घातला की जातोय. बघ की!"

एप्रन हातोहात फिरू लागला. "व्हय की गं!" "आमच्या पोराच्या गणवेशाला असंच!" "लग्नातल्या हळदीची लुगडी धुताना माझे हात असे झालते, सासू म्हणली कापलं का काय!"

"थांबा! माताभगिनींनो, दोरीच्या आत—" महाराज सुरू झाले.

"ओ महाराज," मालनबाईंचा आवाज आता चिरकत नव्हता. "ह्ये आईचं रगत असंल तं आमचं माणूस रोज जेवताना आईचा खून करतंय का?"

दोरीपलीकडून हसू फुटलं. आधी दबकं, मग मोकळं. हसण्यात चांदपाशांच्या घरातल्या आजीपासून तात्यासाहेबांच्या सुनेपर्यंत सगळ्या होत्या. ती दोरी कुणी सोडली नाही. बायका पुढं आल्या आणि ती खाली पडली.

पण कडुबा हलले नव्हते. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "वरण असंल," ते पुटपुटले. "पण ती दोन जनावरं मठात जाऊन उठली, त्याचं काय? हितं पाणी टाकलं अन् आई कोपली तं? माझी एकच हाय हो मॅडम."

त्या प्रश्नात ढोंग नव्हतं. मला पुन्हा तो ओला वास आठवला.

"चांदपाशा," मी म्हणाले, "टेम्पोची ताडपत्री उचला."

एक शिष्य आडवा आला. चांदपाशांनी त्याला खांद्यानं बाजूला सारलं आणि ताडपत्री वर फेकली. आत काठोकाठ भरलेला पाण्याचा ड्रम होता. खाली चिंब भिजवलेली पोती अंथरलेली. कडेला मग, दोन खरारे आणि म्हशीचे काळे केस अडकलेला एक ब्रश.

चांदपाशांनी तो ब्रश उचलून महाराजांपुढं धरला.

"हौ महाराज, ह्ये कुणाच्या अंघोळीला?"

महाराजांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आवाजावरची साय फाटली होती. "हे... मठाचं तीर्थ आहे. तीर्थस्नान. मंत्रोच्चारात..."

"म्हंजी तुम्ही धुता," कडुबा सावकाश म्हणाले. "आमाला धुवू देत नाय. ती पडली की नेता, अन् वाटंत धुता. म्हणून उठती."

त्यांच्या हातातली काठी पडली. ते टेम्पोत चढले, ड्रममध्ये बादली बुडवली आणि धावत येऊन जांभळीच्या मस्तकावर ओतली. ओतताना त्यांनी डोळे गच्च मिटले होते. उघडले तेव्हा ते पाण्याकडं बघत राहिले. पाणी मातकट, काळं, शेणाचं आणि धुळीचं होतं. पाठीवरून आलं तिथं थोडं पिवळं. लाल कुठंच नाही.

"आणा! अजून आणा!" ते ओरडले आणि मग गाव हललं. तात्यासाहेबांनी स्वतः घागर उचलली. बायकांनी ओली लुगडी जांभळीच्या मानेवर टाकली, कुणी पुठ्ठ्यानं वारा घातला. मी शिरेत सलाइन लावलं. ताप उतरायला लागला, पण फार हळू. श्वास तसाच धापता. मी पुन्हा पुन्हा मोजत होते आणि मालनबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या, जांभळीकडं नाही.

ताप एकशे तीनवर आला तेव्हा मी पाणी थांबवायला सांगितलं. थोड्या वेळानं जांभळीनं तोंड मिटलं. मग जीभ बाहेर काढून नाकपुडी चाटली. मी तिच्या कुशीवर हात दाबून धरला. आतून एक लाथ बसली.

"पारडू?" मालनबाईंनी विचारलं.

"आहे," मी म्हणाले. त्या तिथंच, चिखलात बसल्या.

त्या गडबडीत टेम्पो निघायला बघत होता. तो निघाला नाही, कारण गोंधळात काढून घेतलेली किल्ली तात्यासाहेबांच्या सुनेच्या कंबरेला होती. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. आधीच्या दोन्ही म्हशी एका बाजारात विकायला उभ्या सापडल्या. स्वच्छ, चमकणाऱ्या, अंगावर एक गोचीड नसलेल्या. क्षीरनाथ म्हैस चांगली धुवायचा.

नंतर गावाच्या बैठकीत मी जे सांगितलं, तेच इथं सांगते. शेतकरी म्हैस धुतो ती चमकावी म्हणून नव्हे. तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी फार थोड्या आहेत. आपला घाम वाळून जे काम होतं, ते तिच्या अंगावर टाकलेलं पाणी वाळून होतं. खराऱ्यानं गोचीड आणि उवा निघतात, शेणाची खपली निघते, कास स्वच्छ राहते, म्हणून दूध स्वच्छ राहतं. आणि चोळता चोळता हात सगळ्या अंगावरून फिरतो, त्यामुळे गाठ, जखम, सूज वेळेवर सापडते. पाणी कमी असेल तर ओलं पोतं पाठीवर टाका, सावली करा. कपड्याची पावडर मात्र वापरू नका.

आणि एवढंच: कुणी तुम्हाला चमत्कार दाखवायला लागला, तर चमत्काराकडं नंतर बघा. आधी बघा, त्यानं कुणाला लांब उभं केलंय. त्यांना जवळ बोलवा आणि विचारा, तुम्हाला हे काय वाटतं?

जांभळी व्याली. पारडी झाली. मी बघायला गेले तेव्हा कडुबा अंगणात दगडाशी उकिडवे बसून आपला शर्ट घासत होते. हातांवरचा फेस लाल झाला होता.

"जमतंय का?" मी विचारलं.

"रोज लावलंय हिनं ह्ये काम," ते म्हणाले. मग फेसाकडं बघत मान हलवली. "आयला मॅडम, साधं धुणं. एवढं जरी आधी केलं असतं तरी भ्यायलो नसतो."

घरातून मालनबाईंचा आवाज आला, "डाग नीट काढा! अन् म्हशीलाबी पाणी टाकायचंय!"